दारातला सेन्सर, खाटेपाशीचे हात

लाँग आयलंड हे न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेकडे पसरलेले बेट. तिथल्या मॅनहॅसेटमध्ये नॉर्थ शोअर युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे आणि त्यात १७ खाटांचा एक मेडिकल आयसीयू. २००८च्या उन्हाळ्यात त्या आयसीयूच्या खोल्यांना हालचाल टिपणारे सेन्सर लागले. बेसिनवर आणि सॅनिटायझरच्या डिस्पेन्सरवर रोखलेले कॅमेरे बसले. कोणी खोलीत शिरले किंवा बाहेर पडले, की सेन्सर तो क्षण नोंदवी आणि चित्रणाचा तेवढाच तुकडा तपासणीला जाई. तपासणारी माणसे हॉस्पिटलची नव्हती, एका बाहेरच्या कंपनीची होती. २०१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या व्यवस्थेवर लिहिले, तेव्हा ही माणसे भारतात पडद्यासमोर बसून काम करत होती. खोलीत जाताना किंवा बाहेर येताना दहा सेकंदांच्या आत हात स्वच्छ केले की नाही, एवढेच त्यांनी बघायचे आणि खूण करायची.

पहिले सोळा आठवडे या खुणांची बेरीज आयसीयूतल्या कोणालाच सांगितली नाही. त्या काळात हात स्वच्छ करण्याचे ६०,५४२ प्रसंग आले आणि ते ३,९३३ वेळा झाले. म्हणजे शंभरात साडेसहा वेळा. मग कॉरिडॉरमध्ये एक इलेक्ट्रॉनिक फलक लागला आणि चालू पाळीचे प्रमाण त्यावर सगळ्यांना दिसू लागले. फलकावर कोणाचे नाव नव्हते. पुढच्या सोळा आठवड्यांत ते प्रमाण ८१.६ टक्क्यांवर गेले आणि त्यानंतरचे ७५ आठवडे ८७.९ टक्क्यांवर टिकले.

हे आकडे वाचून तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा जगभरच्या पाहण्या एकत्र मांडल्या होत्या. त्यांतही सरासरी चाळीस टक्क्यांच्या आतच होती. जे करायला हवे त्यातले निम्म्याहून जास्त राहून जाते, हे जवळपास सगळीकडचे चित्र आहे. त्याची किंमत रुग्ण मोजतो. याच संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांत दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी सात जणांना, आणि आपल्यासारख्या देशांत पंधरा जणांना, हॉस्पिटलमध्ये असताना नवा संसर्ग होतो. ज्यांना होतो त्यांतला दहातला एक दगावतो. घरून आणलेल्या आजारातून माणूस उठतो आणि वॉर्डात मिळालेल्या आजाराने जातो. त्या घरच्यांना हे कोणी सांगतही नाही. केसपेपरवर ‘सेप्सिस’ एवढा एक शब्द येतो.

मग मोजायचे कसे? आजवरची रीत अशी, की इन्फेक्शन कंट्रोल नर्स हातात फॉर्म घेऊन वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी राहते. पाच ‘मोमेंट’ ठरलेले आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, सलाईन, कॅथेटर, ड्रेसिंग अशा निर्जंतुक कामापूर्वी, रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना, म्हणजे खाटेच्या दांड्याला, लॉकरला, मॉनिटरला हात लागल्यावर. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयातले डॉ. दिदिए पिते आणि त्यांचे सहकारी यांनी ही मांडणी केली आणि आज ती जगभरच्या वॉर्डांच्या भिंतींवर आहे. नर्स वीस मिनिटे बघते, खुणा करते, टक्केवारी काढते. ही पद्धत अजूनही सर्वोत्तम मानली जाते आणि त्याला कारण आहे. हात केव्हा स्वच्छ करायला हवा होता, हे माणसाच्याच नजरेला नीट कळते.

पण तीच नजर चित्र बदलून टाकते. इन्चार्ज सिस्टर फॉर्म घेऊन उभ्या आहेत हे दिसले, की सगळ्यांचे हात डिस्पेन्सरकडे वळतात. टोरांटोच्या एका रुग्णालयात हे नेमके मोजले गेले. तिथे कर्मचाऱ्यांचा वावर आणि डिस्पेन्सरचा वापर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवला जात होताच. संशोधकांनी तपासनीस वॉर्डात असतानाचे आणि नसतानाचे आकडे शेजारी ठेवले. तपासनिसाच्या नजरेच्या टप्प्यातला डिस्पेन्सर तासाला सरासरी ३.७५ वेळा दाबला जात होता. त्याच वेळी नजरेआडचा डिस्पेन्सर १.४८ वेळा. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तपासणीच्या फायलींत दिसणारे नव्वद टक्के कुठून येतात, याचा त्याने उलगडा केला. कोणी खोटे लिहिलेले नसते. जे दिसले तेच लिहिलेले असते, आणि दिसते ते बघणाऱ्यामुळेच घडलेले असते.

यंत्राची गरज इथून सुरू होते. यंत्र थकत नाही, रात्रपाळीलाही असते, रविवारीही असते. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात अशी स्वयंचलित मोजणी आधीपासून चालू होती म्हणून करोनाच्या वर्षाचा एक आलेख आज आपल्या हाती आहे. २०२०च्या मार्चअखेरीस तिथे एका दिवसाचे प्रमाण ९२.८ टक्क्यांवर पोचले. ऑगस्टच्या मध्याला ते ५१.५ टक्क्यांवर उतरले होते. साथ संपलेली नव्हती, सॅनिटायझरच्या बाटल्याही होत्या. एवढ्या भीतीचा परिणामही साडेचार महिन्यांत ओसरला. फॉर्म घेऊन उभ्या राहिलेल्या कोणाही नर्सला हा उतार असा दिवसागणिक दिसला नसता.

यंत्रांच्या जाती अनेक. सर्वांत साधे यंत्र डिस्पेन्सरच्या पोटात बसते आणि तो किती वेळा दाबला एवढेच मोजते. कोणी दाबला, का दाबला, हे त्याला कळत नाही. दुसऱ्या जातीत दारावरही सेन्सर असतो. किती जण आत-बाहेर झाले आणि किती वेळा डिस्पेन्सर दाबला, यांचे गुणोत्तर निघते. तिसऱ्या जातीत कर्मचाऱ्याच्या गळ्यात बॅज असतो आणि तो दाराशी, डिस्पेन्सरशी रेडिओलहरींनी किंवा इन्फ्रारेडने बोलतो, म्हणून नावानिशी हिशेब लागतो. स्टॅनफर्डच्या संगणकतज्ज्ञांनी समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणारे सेन्सर छताला लावून पाहिले. त्यांत चेहरा दिसत नाही, माणसाची नुसती करडी आकृती दिसते आणि ती डिस्पेन्सरपाशी थांबली का हे संगणक ओळखतो. हंगेरीत तयार झालेले एक यंत्र वेगळेच काम करते. चमकणारे द्रव्य मिसळलेला हॅण्डरब हाताला चोळायचा आणि हात त्याच्या खोक्यात घालायचा. अतिनील प्रकाशात चोळलेला भाग उजळतो, राहिलेला अंधारा दिसतो, आणि पडद्यावर आपलेच अंगठे, बोटांची टोके, नखांच्या कडा राहून गेलेल्या दिसतात. हात धुण्याच्या पायऱ्यांचे ‘सुमन-के’ हे सूत्र घोकून शिकलेल्यांचाही अंगठा किती वेळा सुटतो, हे इतक्या लख्खपणे दुसरे काही दाखवत नाही. या यंत्राला नाव दिले आहे सेमेलवाइसचे.

इग्नाझ सेमेलवाइसची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण तिचा उत्तरार्ध बहुतेक वेळा गाळला जातो. मला वाटते, आजच्या यंत्रांबद्दलचा सगळा वाद त्या उत्तरार्धात आहे. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात दोन प्रसूतिकक्ष होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात चारच्या आसपास. पहिल्यात नेऊ नका म्हणून बायका गयावया करत. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइसचा स्नेही याकोब कोलेचका शवविच्छेदनात झालेल्या जखमेने गेला आणि त्याच्या शरीरात बाळंतज्वरासारखीच लक्षणे सापडली. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येत. सेमेलवाइसने मे महिन्यात नियम केला, की कक्षात येणाऱ्याने क्लोरिनच्या पाण्यात हात धुऊनच यायचे. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये २.२ झाला. इथवर सगळ्यांना माहीत असते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गर्भाशयाच्या कर्करोगाची एक बाई त्याच कक्षात बाळंतपणासाठी दाखल झाली. तिची गाठ स्रवत होती. तपासणीच्या रांगेत तिची खाट पहिली. विद्यार्थी नियमाप्रमाणे हात धुऊन आत आले, तिला तपासले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मध्ये हात धुतले ते साबणाच्या पाण्याने. त्या वेळी तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारा जणींपैकी अकरा जणी मेल्या. सेमेलवाइसने नियम बदलला. आता प्रत्येक तपासणीनंतर हात क्लोरिनच्या पाण्यात धुवायचे होते. धोका नुसता दारातून आत येत नाही, तो एका खाटेवरून पुढच्या खाटेवर जातो, हे त्याला अकरा मृत्यूंनी शिकवले. दाराशी मोजणारे यंत्र त्या दिवशी असते, तर त्याने शंभर टक्के दाखवले असते.

आणि आज बाजारात मिळणारी पुष्कळ यंत्रे दाराशीच मोजतात. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी चालून जाते, कारण तिथे बहुतेकदा खोलीला एक रुग्ण असतो आणि खोलीचे दार म्हणजेच रुग्णाची हद्द. आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ केले, की पाचातले पहिला, चौथा आणि पाचवा मोमेंट साधारणपणे धरले जातात. दुसरा आणि तिसरा तिथेही सुटतात. डायपर बदलून त्याच हाताने सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, हात लावला तर दाराला काय कळणार? यंत्राला हातमोजेही कळत नाहीत. आपल्याकडे तर एकच जोडी चढवून चार रुग्ण उरकण्याची सवय जुनी आहे.

आता आपल्या सरकारी रुग्णालयातला जनरल वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. तीस-चाळीस खाटांचा लांबट हॉल, एकच दार, ते दिवसभर उघडे. गर्दीच्या दिवसांत दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून आणखी एक रुग्ण. सकाळी एक सिस्टर ट्रॉली घेऊन बीपी-टेम्परेचरच्या राउंडला निघते. खाट क्रमांक एकपासून ती वीसपर्यंत जाते आणि या सगळ्या वेळात दारातून एकदाही बाहेर पडत नाही. बीपीच्या कफाचा पट्टा एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जातो. मध्येच कोणाची सलाईन संपते, सुईची जागा सुजलेली असते, ती काढून नवी लावायची असते. तिकडे तिघे रेसिडेंट प्रोफेसरांच्या मागून चालत असतात, प्रत्येकाच्या गळ्यात स्टेथोस्कोप. जिनिव्हाच्याच एका अभ्यासात तपासणीनंतर स्टेथोस्कोपची तबकडी तळहातापेक्षाही जास्त जंतू बाळगताना आढळली होती, फक्त बोटांची टोके तिच्यापुढे होती. या हॉलमध्ये दारातला सेन्सर दोन नोंदी करेल: सिस्टर आत आली, सिस्टर बाहेर गेली. मधल्या वीस खाटा त्याच्या लेखी नसतीलच.

शिवाय त्या हॉलमध्ये सर्वांत जास्त हात लावते ती नातेवाईक मंडळी. अंग पुसणे, पेज भरवणे, बेडपॅन देणे, कूस वळवणे, नळीला जोडलेली लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे आई, बायको, भाऊ, वॉर्डातल्या मावशी करतात. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना कोणी नसेल तर त्यांनाही पाणी पाजतात. हा आपला माणुसकीचा व्यवहार आहे आणि तो नसेल तर आपली रुग्णालये एक दिवस चालणार नाहीत. यांच्या गळ्यात बॅज नाही. यांना हात कधी धुवायचे हे सांगायला कोणाला वेळ नाही. कोणत्याही कंपनीच्या टक्केवारीत यांचे हात धरलेले नाहीत.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांनी २००९च्या सुमारास एक यंत्रणा आणली, ती या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. डिस्पेन्सरजवळचा सेन्सर हातावरच्या अल्कोहोलची वाफ हुंगतो आणि बॅजला तसे कळवतो. खाटेच्या वर दुसरा सेन्सर असतो. हात स्वच्छ केल्याची खबर नसताना बॅज खाटेजवळ गेला, तर तो थरथरतो. म्हणजे इथे हद्द दाराची नाही, खाटेची आहे, आणि चूक झाल्यावर गुण कापण्याऐवजी व्हायच्या आधी आठवण आहे. तत्त्व बरोबर आहे. चाळीस खाटांवर चाळीस सेन्सर, सगळ्यांना बॅज, त्यांच्या बॅटऱ्या, बिघडल्यावर येणारा माणूस, हे आपल्या जिल्हा रुग्णालयात कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यानंतरचा.

पण त्याहीआधीचा प्रश्न वेळेचा आहे. १९९७ साली आन्द्रेआस फोस आणि आन्द्रेआस विडमर या दोघांनी एक हिशेब मांडला होता. आयसीयूत बारा कर्मचाऱ्यांची पाळी आहे आणि सगळ्यांनी नियम शंभर टक्के पाळायचा ठरवला, तर बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुण्यात त्या पाळीचे मिळून १६ तास जातील. खाटेशीच अल्कोहोलचा हॅण्डरब असेल, तर ३ तास. बारा जणांपैकी दोघांनी पूर्ण पाळी फक्त हात धुवायचे, असा त्या सोळा तासांचा अर्थ. जिनिव्हात पिते यांनी हेच ओळखले. त्यांनी बाटल्या खाटेला लावल्या, खिशात दिल्या, भिंतींवर पोस्टर लावली. १९९४ ते १९९७ या काळात हातांच्या स्वच्छतेचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९८पर्यंत १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. त्या सगळ्या कामात एकही सेन्सर नव्हता.

थकव्याचेही असेच आहे. अमेरिकेतल्या ३५ रुग्णालयांतल्या चार हजारांवर कर्मचाऱ्यांच्या बॅजांच्या नोंदी हेंगचेन दाय आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली तपासल्या. बारा तासांच्या पाळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण सरासरी ८.७ टक्केबिंदूंनी उतरत होते. काम जितके जास्त, उतार तितका तीव्र. दोन पाळ्यांमध्ये विश्रांती जास्त मिळाली की पुढच्या पाळीत सुधारणा. मला यंत्राचा हा उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो. नर्सचे चुकते कुठे, हे सांगता सांगता त्याने नर्सवर लादले किती जाते, हे सांगितले. आपल्याकडे एक सिस्टर रात्रपाळीला अख्खा वॉर्ड बघते. तिच्या गळ्यात बॅज अडकवून तिची टक्केवारी काढायची आणि वॉर्डात ती एकटी का, हे विचारायचे नाही, हा अन्याय आहे.

नावानिशी पाळत ठेवल्यावर पुढे काय होते, याचाही पुरावा आहे. ब्रॅडली स्टाट्स, दाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ रुग्णालयांतल्या ७१ विभागांमधले दोन कोटींहून अधिक प्रसंग साडेतीन वर्षांच्या नोंदींतून पाहिले. बॅज आले तेव्हा प्रमाण झपाट्याने वाढले. हळूहळू ते उतरू लागले. आणि जिथे ही देखरेख काढून घेतली, तिथे ते बॅज येण्याच्या आधीपेक्षाही खाली गेले. हात स्वच्छ करण्याचे जे कारण आधी माणसाच्या मनात होते, ते बॅजने आपल्याकडे घेतले, आणि बॅज गेला तेव्हा दोन्ही गेले, असा मी याचा अर्थ लावतो. नॉर्थ शोअरमधला फलक नावे न लावता पूर्ण पाळीचा आकडा पूर्ण पाळीलाच दाखवत होता. प्रमाण तिथे पावणेदोन वर्षे टिकून राहिले, त्यात या फरकाचा वाटा मोठा असावा.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ योजना २०१५पासून आहे, राष्ट्रीय संसर्ग-नियंत्रण मार्गदर्शिका २०२०ची आहे, खासगी रुग्णालयांना एनएबीएच या मानांकन मंडळाची तपासणी आहे. या सगळ्यांत हातांच्या स्वच्छतेला गुण आहेत. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात प्रत्येक खाटेला नवी बाटली लागते, हे वॉर्डात काम करणारा कोणीही सांगेल. पुढच्या महिन्यात ती रिकामी लटकत असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालानुसार जगातल्या निम्म्या आरोग्यकेंद्रांत हात स्वच्छ करायची किमान सोय, म्हणजे उपचाराच्या जागी आणि शौचालयात मिळून, नाही. तिथे डिस्पेन्सरमधला सेन्सर काय मोजेल?

म्हणून महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांनी मोजणी सुरू करायची तर ती खाटेपासून आणि बाटलीपासून व्हावी, असे माझे मत आहे. त्यासाठी लागणारी माहिती प्रत्येक वॉर्डात आजही लिहिली जाते. सिस्टर दर महिन्याला स्टोअरला इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवते, त्यात हॅण्डरबच्या बाटल्या असतात. रोज रात्री बारा वाजता वॉर्डातल्या रुग्णांची गणना होते, तिच्यातून रुग्ण-दिवस मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वमूल्यमापनात दर हजार रुग्ण-दिवसांमागे किमान २० लीटर हॅण्डरब वापरला जावा, अशी अपेक्षा आहे. तीस खाटांचा भरलेला वॉर्ड महिन्याला ९०० रुग्ण-दिवस भरतो, म्हणजे १८ लीटर, म्हणजे अर्ध्या लीटरच्या ३६ बाटल्या. एका वेळी तीन मिलिलिटर धरले तर हे एका रुग्णामागे दिवसाला जेमतेम सहा-सात वेळा हात चोळणे झाले. सगळे मिळून: डॉक्टर, सिस्टर, मावशी, नातेवाईक. फार मोठी मागणी नाही. तरी छत्तीसच्या जागी आठ बाटल्या उचलल्या गेल्या असतील, तर त्या वॉर्डात काय चालले आहे ते कॅमेऱ्याशिवाय कळते.

हा आकडा कोणाचे नाव घेत नाही, फक्त वॉर्डाचे घेतो. नातेवाइकांचे हातही त्यात आपोआप येतात. बाटली खिशात घालून कोणी घरी नेली तर तो फुगतो, आणि हात बरोबर वेळी चोळले का हे त्याला सांगता येत नाही, म्हणून महिन्यातून काही वेळा इन्फेक्शन कंट्रोल नर्सने खाटेपाशी उभे राहून बघणे सुटत नाही. उद्या पैसे आले, तर पहिला सेन्सर नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात लावावा, प्रत्येक वॉर्मरपाशी, कारण तिथे एका हाताची चूक सर्वांत लवकर आणि सर्वांत लहान जिवाला भोवते. तोवर वॉर्डाच्या भिंतीवर एक फळा पुरे. त्यावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खडूने लिहावे: किती बाटल्या लागायला हव्या होत्या, किती लागल्या, स्टोअरमध्ये किती दिवस बाटली नव्हती, बेसिनच्या नळाला किती दिवस पाणी नव्हते, आणि रात्रपाळीत एका सिस्टरमागे किती रुग्ण होते.